ओपन-वर्ल्ड गेम शहरात शिरला की अडखळतो: जुन्या कन्सोलवर काय करायचं, पीसीवर काय

तक्रारीचे शब्द बदलतात, रूप तेच असतं. मोकळ्या माळावर घोडा दौडतोय तोवर सगळं झकास. गावाची वेस ओलांडली की झटके सुरू. किंवा गाडी भरधाव सोडली की समोरचा रस्ता राखाडी पत्र्यासारखा दिसतो आणि दोन सेकंदांनी त्यावर डांबर, पट्टे, माणसं उगवतात. पीएस४ किंवा एक्सबॉक्स वन हा कन्सोल असलेला म्हणतो, आता पीसीच घ्यावा. पीसीवाला म्हणतो, ग्राफिक्स कार्ड बदलावं. बऱ्याचदा दोघांचंही बोट चुकीच्या भागावर असतं. मोठ्या खुल्या जगाच्या गेममध्ये समोरचं चित्र रंगवताना फारसं अडत नाही, अडतं ते पुढचा मुलूख वेळेवर आणून उभा करताना. ते काम डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर मिळून करतात, आणि यातलं नेमकं कोण मागे पडतंय हे न बघता पैसे घातले तर ते वाया जातात.

झटका कुठल्या जातीचा आहे

गेममधला एकच ठरावीक रस्ता निवडा. शहराच्या बाहेरून बाजारापर्यंत जाणारा, साधारण दोन मिनिटांचा. तीच वेळ, तेच हवामान मिळालं तर उत्तम. नाहीतर एक सेव्ह करून ठेवा आणि दर वेळी तिथूनच सुरुवात करा. आता चार गोष्टी बघायच्या.

बाजारात एका जागी उभं राहा आणि कॅमेरा सावकाश गोल फिरवा. उभ्या उभ्याच फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी पडत असतील तर भार ग्राफिक्सवर किंवा गर्दी हाकणाऱ्या प्रोसेसरवर आहे, डिस्क निर्दोष. मग तोच रस्ता एकदा चालत आणि एकदा पूर्ण वेगाने पार करा. चालताना ठीक आणि वेगात झटके, तर पुढचा माल डिस्कवरून वेळेवर येत नाही. तिसरं, लगेच उलट फिरून त्याच रस्त्याने परत या. पहिल्या फेरीत झटका आणि दुसरीत काहीच नाही, असं पीसीवर झालं तर शेडरवर (चित्र रंगवणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) संशय घ्या. कन्सोलवर झालं तर माल आता मेमरीत आहे एवढाच त्याचा अर्थ. चौथी कसोटी वेळेची: सुरू केल्यावर तासभर छान आणि नंतर बिघडत जातं का? तसं असेल तर पीसीवर उष्णता किंवा मेमरी, आणि कन्सोलवर बहुधा कित्येक दिवस बंदच न केलेला गेम.

हा शेवटचा मुद्दा हास्यास्पद वाटतो, पण सुरुवात तिथूनच करा. पीएस४ रेस्ट मोडमध्ये आणि एक्सबॉक्स वन इन्स्टंट-ऑनमध्ये गेम अर्धवट झोपवून ठेवतात. तो आठवडाभर तसाच उठवत राहिलं की त्याच्या मेमरीत कचरा साठतो. गेम पूर्ण बंद करा, कन्सोल रेस्टमध्ये न टाकता खरोखर बंद करा. एक्सबॉक्स वनवर समोरचं पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, वायर काढा, मिनिटभराने लावा. तेवढ्यानेच भागलं तर बाकीचं वाचायची गरज नाही.

डिस्क का मागे पडते

२०१३च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्हींत ५०० जीबीची, मिनिटाला ५,४०० फेरे मारणारी लॅपटॉपची हार्ड डिस्क होती. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद लागतात; हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच. त्यात सुई सरकायचे दहा-बारा मिलिसेकंद धरा. विखुरलेला माल आणायचा तर सेकंदाला जेमतेम साठ उचल. ३० फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, म्हणजे एका फ्रेममागे दोन उचल. तेवढ्या वेळात घोडा पुढच्या चौकात पोचलेला असतो. साध्या साटा एसएसडीला (फिरते भाग नसलेल्या डिस्कला) हीच उचल मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जमते.

गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ते एकच वस्तू डिस्कवर जागोजागी पुन्हा पुन्हा लिहून ठेवत. पीएस५चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२०मधल्या व्याख्यानात याचं उदाहरण दिलं होतं: स्पायडर-मॅन गेममध्ये टपालपेटीसारख्या काही वस्तूंच्या डिस्कवर चारशे-चारशे प्रती होत्या. गेम शंभर जीबीच्या वर का जातात, याचं एक कारण हेच.

डिस्क जुनी झाली, तिचे काही सेक्टर (माल ठेवायचे छोटे कप्पे) मरू लागले की एकेका उचलीला अनेक पट वेळ लागतो. खुणा ओळखीच्या असतात: टेक्स्चर (वस्तूंवरचं रंगकाम) उगवायला दिवसेंदिवस उशीर, मेनूसुद्धा जड, आणि नकाशाच्या एकाच भागात गेलं की गेम पडून पीएस४वर सीई-३४८७८-० हा कोड. हा कोड फक्त गेम कोसळला एवढंच सांगतो, पण तीच जागा आणि तोच कोड तीनदा आला तर डिस्क तपासा.

कन्सोलवरचे उपाय, स्वस्तापासून महागाकडे

पीएस४वर आधी डेटाबेस, म्हणजे डिस्कवरच्या मालाची यादी, नव्याने बांधा. कन्सोल पूर्ण बंद करा, पॉवर बटण सुमारे ७ सेकंद दाबून धरा. दुसरा बीप आला की सोडा. सेफ मोडचा मेनू येतो. कंट्रोलर यूएसबी वायरनेच जोडावा लागतो, आणि इथे पुष्कळ जण अडकतात, कारण घरातली वायर फक्त चार्जिंगची निघते. पडद्यावर कंट्रोलर जोडा असंच दिसत राहिलं तर वायर बदला. पाचवा पर्याय, रिबिल्ड डेटाबेस, निवडा. गेम आणि सेव्ह जागच्या जागी राहतात. चौथा आणि पाचवा शेजारी-शेजारी आहेत आणि चौथा सेटिंग्ज मूळपदावर नेतो, तेव्हा बटण दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा. सहावा आणि सातवा सगळं पुसतात.

मग जागा मोकळी करा. पीएस४ मोठा अपडेट घेताना गेमची जवळपास पूर्ण प्रत नव्याने बनवतो, म्हणून १०० जीबीच्या गेमला काही जीबीचा अपडेटही तेवढीच मोकळी जागा मागतो. काठोकाठ भरलेल्या डिस्कवर नवे तुकडे मिळेल त्या कोपऱ्यात पडतात आणि सुईची धावपळ वाढते.

यानंतरही वेगात जाताना झटके आले तर एसएसडी. माझं मत स्पष्ट आहे: पीएस४ उघडू नका, आधी बाहेरून यूएसबी एसएसडी लावा. मार्च २०१७च्या ४.५० अपडेटपासून पीएस४ २५० जीबी ते ८ टीबीची यूएसबी ३.० डिस्क गेमसाठी घेतो. थेट कन्सोलच्या पोर्टमध्ये लावा, हब चालत नाही. सेटिंग्ज, डिव्हाइसेस, यूएसबी स्टोरेज डिव्हाइसेस, तिथून एक्स्टेंडेड स्टोरेज म्हणून फॉरमॅट. त्यावरचं जुनं सगळं जाईल. मग जो गेम अडतो तेवढाच हलवा, सगळे हलवायची गरज नाही. एक्सबॉक्स वनची आतली डिस्क वापरणाऱ्याने बदलावी अशी रचनाच नाही, त्यामुळे तिथे यूएसबी ३.० हाच रस्ता. हीच एसएसडी उद्या पीएस५ किंवा एक्सबॉक्स सिरीजला लावून जुन्या पिढीचे गेम त्यावरून चालतात. नव्या पिढीचे मात्र नाहीत, त्यांना आतली जागा किंवा एक्सबॉक्सचं खास विस्तार-कार्ड लागतं.

आतली डिस्कच मरत असेल तर पर्याय नाही, कारण सिस्टीम आणि सेव्ह तिच्यावर असतात. २.५ इंची, ९.५ मिलिमीटरपर्यंत जाडीची, किमान १६० जीबीची कुठलीही साटा डिस्क पीएस४मध्ये बसते. क्रम असा:

१. सेव्ह यूएसबीवर किंवा क्लाउडवर घ्या. डिस्क अजून वाचता येते आहे तोवरच.
२. पीसीवर सिस्टीम सॉफ्टवेअरची पूर्ण पुनर्स्थापनेची फाइल उतरवा. नेहमीच्या अपडेटची नव्हे. दोघींचं नाव सारखंच असतं, पण अपडेटची फाइल बरीच लहान असते आणि कोऱ्या डिस्कवर चालत नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.
३. पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस चालत नाही. त्यात पीएस४ नावाचा फोल्डर, त्यात अपडेट नावाचा फोल्डर, दोन्ही नावं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आणि आत ती फाइल.
४. कन्सोल बंद करून सगळ्या वायरी काढा. पहिल्या पीएस४वर चकचकीत झाकणाचा तुकडा बाजूला सरकतो. खाली प्लेस्टेशनच्या चार चिन्हांचा एक मोठा स्क्रू. तो काढला की डिस्कची पत्र्याची चौकट ओढून बाहेर येते. चौकटीला चार छोटे स्क्रू. ते घट्ट असतात; पेचकस बारीक पडला तर डोकं सरकतं, म्हणून नीट बसणारा चौपाकळी पेचकस घ्या आणि वरून दाब देऊन फिरवा.
५. नवी डिस्क बसवा, सेफ मोडमध्ये जा, सातवा पर्याय निवडा.

काढलेली डिस्क साटा-यूएसबी ॲडॅप्टरने पीसीला लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये बघता येते. रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरचे आकडे शून्याच्या वर असतील तर संशय खरा होता. पीएस४ची डिस्क विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे फॉरमॅट करू का असं विचारलं जाईल. नाही म्हणा.

एसएसडीने काय मिळतं, काय नाही

लोडिंग कमी होतं, रस्ता वेळेवर उगवतो, वेगातले झटके बरेच मऊ होतात. बाजारात उभं राहून पडणाऱ्या फ्रेम तशाच राहतात, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. आठ कोरचा जग्वार प्रोसेसर पीएस४मध्ये १.६ गिगाहर्ट्झवर आणि एक्सबॉक्स वनमध्ये १.७५वर चालतो, तो २०१३मध्येही कमी विजेच्या लॅपटॉपच्या पठडीतला होता. माणसांची गर्दी, वाहनं, पडणाऱ्या वस्तू, डिस्कवरून आलेला माल जगात मांडणं, सगळं त्याच्याच डोक्यावर.

पीएस४ प्रो किंवा एक्सबॉक्स वन एक्स या जास्त ताकदीच्या आवृत्त्या घेतल्यावरही शहरातले झटके का जात नाहीत, याचं उत्तर आकड्यांत आहे. पीएस४ प्रोचं ग्राफिक्स १.८४वरून ४.२ टेराफ्लॉप्सवर (गणिती ताकदीचं माप) गेलं, प्रोसेसर मात्र १.६वरून २.१३ गिगाहर्ट्झवर, म्हणजे तिसराच हिस्सा वाढ. वन एक्सचं ग्राफिक्स १.३१वरून थेट ६ टेराफ्लॉप्स, प्रोसेसर २.३ गिगाहर्ट्झ. चित्र धारदार झालं, गर्दी हाकणारा हात तोच राहिला. सायबरपंक २०७७ हे याचं टोकाचं उदाहरण: १० डिसेंबर २०२०ला आला, मूळ कन्सोलांवरची अवस्था अशी होती की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि जून २०२१मध्येच परत ठेवला. पुढे फँटम लिबर्टी हा विस्तार पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवर आलाच नाही. अशा गेमसाठी जुन्या कन्सोलवर एसएसडी, डेटाबेस करत बसू नका.

पंख्याचंही असंच. पीएस४ विमानासारखा घोंघावू लागला की लोक म्हणतात, तापला म्हणून अडतोय. पण या कन्सोलांचे घड्याळवेग ठरलेले असतात. तापले की पंखा वाढवतात, अगदीच झालं तर इशारा देऊन बंद पडतात, मधेच वेग कमी करत नाहीत. धूळ काढा, पाचेक वर्षांनी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला, आवाज कमी होईल, बंद पडणं थांबेल. फ्रेम वाढणार नाहीत. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

पीसीवर तोच गेम

इथे उलटी तऱ्हा. ताकद असते, पण ती कुठे गळतेय ते स्वतःच शोधावं लागतं. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचं रिवाट्यूनर हे प्रोग्राम टाका आणि पडद्यावर पाच गोष्टी आणा: फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागणाऱ्या वेळाचा) आलेख, ग्राफिक्सचा वापर, व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी), रॅम, आणि प्रत्येक कोरचा वापर वेगवेगळा. सरासरी एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, बघू नका, तो आकडा फसवतो. ६० फ्रेमला रेषा १६.७ मिलिसेकंदांवर सपाट हवी. झटका म्हणजे त्या रेषेतला सुळका.

आता मघाचा रस्ता पार करा. ग्राफिक्स ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्डच कमी पडतंय; रिझोल्यूशन, सावल्या, परावर्तनं कमी करा. ग्राफिक्स ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि एक-दोन कोर शंभरावर टेकलेत, तर प्रोसेसर अडला आहे. इथे रिझोल्यूशन कमी करून काडीचाही फरक पडत नाही. गर्दीची घनता आणि लांबवर दिसण्याचं अंतर उतरवा. चार कोर-चार थ्रेडवाल्या जुन्या प्रोसेसरांचं दुखणं हेच: सरासरी चांगली, पण शहरात शिरलं की चारही कोर भरतात आणि सुळक्यांची रांग लागते.

व्हीरॅम काठोकाठ भरली असेल तर फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आणा. मावतात तोवर टेक्स्चरला फ्रेमची किंमत जवळपास नसते. उतू गेली की माल साध्या रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसवरून आणावा लागतो आणि मान वळवली की गचका. आठ जीबी रॅम असलेल्या पीसीवरही तेच घडतं, फक्त एक मजला खाली: विंडोज आणि ब्राउझर वाटा घेतात, उरलेलं पेजफाइलमध्ये (रॅम भरली की डिस्कवर वापरायच्या जागेत) जातं. पेजफाइल हार्ड डिस्कवर असेल तर पीएस४ला हसायचा अधिकार राहत नाही.

रॅम एकाच कांडीची आहे का तेही टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, मेमरी या भागात दिसतं. चार खाचांच्या बोर्डवर दोन कांड्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. तिथेच वेगही बघा. ३२००ची रॅम २१३३ किंवा २४००वर चालताना दिसली तर बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारं सेटिंग, सुरूच केलेलं नाही. प्रोसेसर अडणाऱ्या गेममध्ये हा फुकटचा उपाय हमखास जाणवतो.

गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा. काही कारणाने जमत नसेल तर सायबरपंकमध्ये स्लो एचडीडी मोड नावाचं सेटिंग आहे, ते चालू करा.

राहिला शेडर, आणि हे कन्सोलला नसलेलं दुखणं. कन्सोलचं हार्डवेअर एकच, म्हणून शेडर आधीच तयार करून गेमसोबत देता येतात. पीसीवर कार्ड आणि ड्रायव्हरच्या जोड्या असंख्य, त्यामुळे ते तुमच्या मशीनवर बनतात. पहिला स्फोट, पहिला पाऊस, नवी पेठ, की झटका. व्हॉल्व्ह ही कंपनी आपल्या स्टीम डेक या हातातल्या पीसीसाठी तयार शेडर पुरवू शकते, कारण तिथेही हार्डवेअर ठरलेलं आहे. गेम सुरुवातीला शेडर बनवण्याची पट्टी दाखवत असेल तर ती पूर्ण होऊ द्या. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये शेडर कॅश साइज (तयार शेडरच्या साठ्याची मर्यादा) १० जीबी किंवा जास्त करा. ड्रायव्हर बदलला की कॅश नव्याने भरते, म्हणून नवा ड्रायव्हर टाकल्याच्या संध्याकाळी गेमला नावं ठेवू नका. आणि झटका आला की कॅश पुसा हा सल्ला दर वेळी पाळलात तर झटके कायमचे पदरात पडतील. कॅश खरंच बिघडली असेल तेव्हाच, एकदाच.

रेड डेड रिडेम्प्शन २च्या पीसी आवृत्तीत व्हल्कन आणि डीएक्स१२ असे ग्राफिक्स कार्डशी बोलायचे दोन पर्याय आहेत. एकावर सुळके दिसले तर दुसरा लावून तोच रस्ता पार करा.

शेवटी फ्रेमला टोपी घाला, म्हणजे वरची मर्यादा बांधा. शहरात ४८ आणि माळावर ८० अशी चढ-उतार डोळ्याला खुपते. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० फेऱ्या ताज्या होणाऱ्या) पडद्यावर ४५ फ्रेम म्हणजे काही फ्रेम एक फेरी टिकतात, काही दोन, आणि हलल्यासारखं वाटतं. तिथे ३०वर बांधलेला गेमही जास्त गुळगुळीत दिसतो. कन्सोलवाले तेच करतात. १२० हर्ट्झचा पडदा असेल तर ४०वर बांधा: प्रत्येक फ्रेम बरोबर तीन फेऱ्या, २५ मिलिसेकंद. लॅपटॉपवर टोपीने उष्णताही उतरते, आणि तिथे कन्सोलसारखं नसतं, तापल्यावर वेग खरोखर कमी होतो.

दोष सेव्हमध्ये असेल तर

सगळं करून झालं आणि तरी झटके आहेत, पण नवा खेळ सुरू केला की त्याच गल्लीत एकही नाही. मग सेव्ह फुगली आहे. स्कायरिम २०११मध्ये पीएस३वर याच कारणाने बदनाम झाला: तास वाढत गेले, जगात हलवलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद वाढत गेली, आणि त्या कन्सोलच्या २५६ अधिक २५६ एमबी अशा विभागलेल्या मेमरीत ती मावेना. सायबरपंकच्या पीसी आवृत्तीत सुरुवातीला सेव्ह ८ एमबीच्या वर गेली की थेट खराब व्हायची, १.०६ अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. जुनी सेव्ह टाकायची नसेल तर आत साठवलेला माल विका, घरात मांडलेला पसारा आवरा, ऑटोसेव्हच्या जागी हाताने नवी सेव्ह करा आणि तिच्यावरून पुढे जा.

आणि मशीनच बदलायचं ठरवलं असेल तर आधी सेव्ह कुठे-कुठे जाते ते बघा. रेड डेड रिडेम्प्शन २ची सेव्ह कन्सोलवरून पीसीवर जात नाही. एल्डन रिंगची पीएस४वरची सेव्ह पीएस५ आवृत्तीत आणता येते, उलट नेता येत नाही; आणि त्या गेमची पीएस४ आवृत्तीच पीएस५वर चालवली तर फ्रेम जास्त स्थिर मिळतात, म्हणून सेव्ह नव्या आवृत्तीत ओढण्याआधी जुनीच आवृत्ती नव्या मशीनवर एक संध्याकाळ चालवून बघा.